ताट धरणारी मुलगी

"ए बाळ, जरा बाजूला हो, बॅनर झाकला जातोय," बाबा त्या मुलीला म्हणाले, आणि ती निमूटपणे बाजूला झाली.

मिरज स्टेशन, जुलै महिना, सकाळचे सात. महालक्ष्मी एक्स्प्रेस येऊन पंधरा मिनिटं होऊन गेली होती. बाबा कोर्टात कधी घालत नसत इतका कडक इस्त्रीचा कोट घालून उभे होते. क्लबचे चार पदाधिकारी हार, पेढे आणि बॅनर घेऊन हजर होते. बॅनरवर 'वेलकम मिस योलांडा' असं लिहिलेलं होतं. आम्ही सगळे प्रत्येक डब्यातून उतरणारी गोरी मुलगी शोधत होतो. एक हमाल धावत आला तो थेट माझ्याकडे.

"मॅडम, लगेज? टॅक्सी?"

"अहो, ही आमचीच मुलगी," बाबा म्हणाले, आणि उगाचच सुखावले.

मी गोरी आणि घारी होते. केस तपकिरी. यात माझं कर्तृत्व शून्य, पण आमच्या तालुक्याच्या गावात त्याचे मार्क दहावीच्या मार्कांत मिळवले जात. हे आत्ताच सांगून ठेवते, पुढे लागणार आहे.

फलाट रिकामा झाला. पदाधिकारी हारातली फुलं मोजायला लागले. तेव्हा आई म्हणाली, "अहो, त्या मुलीच्या बॅगेवर झेंडा आहे."

"कुठला?"

"कुठला ते नाही सांगता येत. आपला नाही."

बॅनरच्या बाजूला, नळापाशी ती उभी होती. सावळी, गोल चेहऱ्याची, बुटकी, पाठीवर दोन लांब काळ्याभोर वेण्या. आमच्या वर्गात अशा निदान दहाजणी होत्या. बाबा दोन पावलं पुढे गेले आणि ज्या आवाजात साक्षीदाराला प्रश्न विचारायचे त्या आवाजात म्हणाले, "यू आर... योलांडा?"

"सी," ती म्हणाली, म्हणजे 'हो', आणि हसली. वीस मिनिटं ती आम्हाला न्याहाळत होती. एवढा मोठा समारंभ आपल्यासाठी असेल असं तिला वाटलंच नसावं.

हार घातला गेला. पेढा भरवला गेला. पण एका पदाधिकाऱ्यानं दुसऱ्याच्या कानात जे म्हटलं ते मला ऐकू आलं. "एवढं फॉरेनचं मागवलं आणि हे आपल्या बुधगावातलंच निघालं की ओ."

ही एकोणीसशे शहाण्णवची गोष्ट. क्लबची विद्यार्थ्यांच्या देवघेवीची योजना होती. परदेशातला एक विद्यार्थी वर्षभर आपल्या घरी ठेवायचा, त्याला इथल्या शाळेत घालायचं, आणि पुढच्या वर्षी आपलं मूल परदेशी पाठवायचा पहिला हक्क आपला. बाबांनी 'वसुधैव कुटुंबकम्' या विषयावर क्लबात वीस मिनिटं भाषण केलं आणि घरी येऊन माझा फॉर्म भरला. देश, डेन्मार्क. फॉर्मवर माझा फोटो, खाली बाबांची सही, त्याखाली शाळेच्या शिफारशीची मोकळी चौकट. तो फॉर्म आणि योलांडाची बिनफोटोची कागदपत्रं एकाच हिरव्या फायलीत होती. कुटुंबच ते.

पाहुणी येणार म्हणून घर महिनाभर परदेशी होत होतं. काटे-चमचे आले. डायनिंग टेबल आलं. ते स्वयंपाकघरात मावेना म्हणून हॉलमध्ये ठेवलं, आणि वाढायला आईला दिवसातून चाळीस फेऱ्या पडायला लागल्या. पाटा-वरवंटा जिन्याखाली गेला, त्यावर जुनं पोतं टाकलं, आणि ओट्यावर मिक्सर दर्शनी ठेवला. "तिला वाटायला नको आपण मागासलेले आहोत म्हणून," असं बाबांचं म्हणणं.

तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर योलांडा जिन्याखाली मांडी घालून बसली होती. पोतं बाजूला, वरवंटा हातात. तिनं टोमॅटो, हिरव्या मिरच्या आणि मीठ घेतलं होतं आणि वाटत होती. हात असा फिरत होता की आई कंबरेवर हात ठेवून नुसती बघत राहिली होती.

"माय हाऊस," योलांडा वरवंट्याकडे बोट दाखवून म्हणाली. "सेम. माय मदर, सेम."

आईनं बोटानं ती चटणी चाखली. "थोडा लसूण हवा," ती म्हणाली, आणि खाली बसली.

त्या दिवसापासून पाटा पुन्हा स्वयंपाकघरात आला आणि योलांडा आईला 'आई' म्हणायला लागली. दोघींची एकही भाषा सारखी नव्हती. तरी दुपारी स्वयंपाकघरातून सतत बोलण्याचा आवाज येत असे. मला हे विशेष आवडलं नव्हतं. मला पाट्यावर कधी बसावंसं वाटलं नव्हतं, पण माझ्या जागेवर कुणी बसलेलं बघायची सवय नव्हती.

शाळेत पहिल्या दिवशी वेगळंच. आमचं हायस्कूल अकरावी-बारावीपर्यंतचं. मुख्याध्यापक इंगळे सर स्वतः अकरावीच्या वर्गावर आले. फळ्यावर रंगीत खडूनं योलांडाच्या देशाचा, बोलिव्हियाचा, नकाशा काढलेला होता. तो नंतर अर्जेंटिनाचा निघाला.

"विद्यार्थ्यांनो, आजपासून तुमच्यात एक परदेशी विद्यार्थिनी बसणार. तिच्याशी इंग्रजीत बोला. तुमचं संभाषण सुधारेल. ही सुवर्णसंधी आहे!"

मग त्यांनी योलांडासाठी व्यासपीठावर, टेबलाशेजारी, लाकडी खुर्ची ठेवायला लावली. बाकावर कशी बसवणार, पाहुणी ना! चार दिवस ती त्या खुर्चीत वर्गाकडे तोंड करून बसली आणि साठ मुलं-मुली तिच्याकडे तोंड करून बसली. पाचव्या दिवशी ती आपण होऊन उठली आणि माझ्या शेजारी बाकावर येऊन बसली. वेण्यांना तिनं शाळेच्या तांबड्या रिबिनी बांधल्या होत्या. आईनं बांधून दिल्या असणार. त्यानंतर ती वर्गात दिसेनाशीच झाली. रागावून नाही, नुसती मिसळून गेली. हजेरी घेणाऱ्या नव्या बाईंनी तिला एकदा "गृहपाठ कुठाय?" म्हणून उभीसुद्धा केलं होतं.

संभाषण सुधारण्याच्या सुवर्णसंधीचं मात्र वाटोळं झालं. योलांडाला इंग्रजी आमच्याइतकंच येत होतं, म्हणजे येत नव्हतं. तिची भाषा स्पॅनिश. मुलांनी दोन आठवडे "हाऊ आर यू, आय अॅम फाइन" केलं आणि नाद सोडला. ती मात्र मराठी शिकायला लागली. भाजीवाल्याशी, आईशी, रिक्षावाल्याशी. दिवाळीपर्यंत ती "कोथिंबीर कितीला?" असं आमच्यापेक्षा तोऱ्यात विचारायची.

नोव्हेंबरात इंगळे सर घरी आले. चहा झाला. सरांनी कप बशीत ठेवला, बशी टेबलावर ठेवली, आणि मग मुद्दा ठेवला.

"वकीलसाहेब, राग मानू नका. मॅनेजमेंट विचारतंय, या मुलीचा शाळेला उपयोग काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे, इंग्रजी तिला येत नाही. दिसायला... आता तुम्हीच बघताय. परदेशी विद्यार्थिनी म्हणून कुणाला दाखवायची तर आधी समजावून सांगावं लागतं. पुण्याच्या वसतिगृहाच्या शाळेत ऑस्ट्रियाचा एक मुलगा आहे. सहा फूट, निळे डोळे. ते बदली करायला तयार आहेत. तो इकडे, ही तिकडे. हीरक महोत्सव तोंडावर आलाय हो."

शाळेला साठ वर्षं होत होती. डिसेंबरात मोठा कार्यक्रम होता आणि संस्थेचे अध्यक्ष साहेब प्रमुख पाहुणे म्हणून यायचे होते. साहेबांना नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. साहेब म्हणजे कारखाना, बँक, दूध संघ आणि आमची शाळा. शाळेत ते वर्षातून एकदाच यायचे.

योलांडा मटार सोलत आतल्या दारात बसली होती. तोवर तिला सगळं समजत होतं, हे इंगळे सरांना समजत नव्हतं. ती उठून हॉलमध्ये आली.

"सर," ती मराठीत म्हणाली, "मला इथं राहायचंय. पुण्यात आई नाही."

सर चपापले. इतक्या महिन्यांत त्यांनी तिला मराठी बोलताना ऐकलंच नव्हतं. बाबांमधला वकील जागा झाला.

"सर, तडजोड सुचवतो. महोत्सवात ही मराठीतून भाषण करेल. साहेबांसमोर. परदेशी मुलगी, शुद्ध मराठी! साहेब खूश झाले तर मे महिन्यापर्यंत ही इथंच. नाही झाले तर तुमचा ऑस्ट्रिया आणा."

सरांना ते पटलं. जाताना ते मला म्हणाले, "शलाका, तू तयारी करून घे हिची. आणि हो, ताट धरायला तूच आहेस, लक्षात आहे ना?"

हे ताट म्हणजे सत्काराचं ताट. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, हळदीकुंकवाची कोयरी. पाहुण्यांच्या डाव्या हाताला एक मुलगी हे ताट धरून हसतमुख उभी राहते. ती मुलगी निवडायची आमच्या शाळेत एक पद्धत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती, पण पाचवीपासून दर वर्षी ताट मीच धरत होते आणि माझ्या वर्गातल्या त्या दहाजणी सतरंज्या अंथरत होत्या. मला वाटायचं, माझा हात स्थिर आहे म्हणून.

सहा आठवडे तयारी चालली. भाषण मी लिहिलं, म्हणजे मी एक लिहिलं होतं. त्यात 'भारतमातेच्या कुशीत' वगैरे होतं. योलांडानं प्रत्येक वाक्याचा अर्थ विचारला आणि जवळजवळ सगळी वाक्यं नाकारली. "हे मी बोलत नाही," ती म्हणायची. शेवटी उरली ती अकरा वाक्यं तिनं सांगितली आणि मी फक्त सरळ केली.

*माझं नाव योलांडा. मी बोलिव्हियाहून आले. माझ्या गावाला डोंगर आहेत. इथेही आहेत, पण बुटके आहेत.*

"बुटके काढून टाकूया," मी म्हणाले. "साहेबांना राग येईल. डोंगर त्यांच्या मतदारसंघात आहेत."

"पण बुटके आहेत," ती म्हणाली. बुटके राहिले.

*आमच्या घरी दगडावर मिरची वाटतात. इथेही वाटतात. मला वाटलं होतं मी फार लांब आले. आता तसं वाटत नाही.*

शेवटची दोन वाक्यं तिनं मला न सांगता घातली होती. एक दिवस ती म्हणून दाखवताना एकदम पुढे बोलत गेली. *माझी बहीण शलाका हिने मला मराठी शिकवलं. तिच्यामुळे मी आज तुमच्यासमोर उभी आहे.*

"हे कशाला?" मी म्हणाले. पण काढून टाकूया असं काही म्हणाले नाही.

रोज संध्याकाळी गच्चीवर ती ते भाषण म्हणायची. 'ट'चा 'त' व्हायचा, 'ड'चा 'द', 'ळ' तर यायचाच नाही. भाषण तिच्याआधी मला पाठ झालं, तिच्या उच्चारांसकट.

महोत्सवाच्या दिवशी आईनं कपाटातून ठेवणीतली हिरवी नऊवारी काढली. स्वागताच्या सगळ्या मुली नऊवारीत असणार होत्या, तर योलांडा का नको? वेण्या सोडून खोपा घातला, गजरा माळला, नथ, चंद्रकोर, हातभर बांगड्या. दोन तास आई खपत होती. योलांडा बाहेर आली तेव्हा बाबांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

"वा! आता कोण म्हणेल ही परदेशी आहे?"

बाबांच्या या प्रश्नाचं उत्तर संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी मिळालं.

मैदान भरलं होतं. पुढे खुर्च्यांवर शिक्षक आणि गावातली बडी मंडळी, मागे सतरंज्यांवर हजार-बाराशे मुलं. साहेब दोन तास उशिरा आले, म्हणजे वेळेवर आले. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागतगीत, प्रास्ताविक. साहेबांनी एकवीस सत्कार केले. मी ताट धरून डावीकडे उभी होते आणि प्रत्येक सत्कारानंतर नवी शाल घडी मोडून ठेवत होते. बाविसावा सत्कार योलांडाचा, आणि मग तिचं भाषण. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. ओठ हलत होते. डोंगर, दगड, मिरची.

तेवढ्यात माझ्या नथीची तार सुटली.

"धर जरा," मी म्हणाले आणि ताट तिच्या हातात दिलं.

"आता आपल्या शाळेची शान," सूत्रसंचालक सर माइकवर ओरडले, "सातासमुद्रापलीकडून आलेली आपली परदेशी विद्यार्थिनी, हिचा सत्कार माननीय साहेबांनी करावा, अशी मी त्यांना विनंती करतो!"

साहेब वळले. समोर दोन मुली. एकीच्या हातात ताट, ती सावळी. दुसरीचे हात रिकामे, ती गोरी, घारी. एकवीस वेळा माझ्या ताटातली शाल उचलताना साहेबांनी ताटाच्या वर बघितलंच नव्हतं. साहेबांनी क्षणभरही विचार केला नाही, आणि त्यांना दोष द्यायला मी धजत नाही. सहा महिन्यांपूर्वी मिरज स्टेशनवर आम्हीही केला नव्हता. त्यांनी योलांडाच्या ताटातली शाल उचलली आणि माझ्या खांद्यावर घातली.

"वेलकम टू इंडिया," साहेब म्हणाले.

हातात नथ, खांद्यावर शाल. फक्त एवढंच म्हणायचं होतं, साहेब, मी केतकर वकिलांची मुलगी, ही योलांडा. सहा-सात शब्द. मराठीत. मी इंगळे सरांकडे पाहिलं. सरांनी डोळे मोठे केले, हाताचा पंजा खाली दाबला. साहेबांची चूक चारचौघांत दाखवायची नसते, हे शाळेत शिकवत नाहीत पण सगळ्यांना येतं. पण सरांवर ढकलण्यात अर्थ नाही. खरं सांगायचं तर पहिल्यांदाच कुणीतरी मला ताटाच्या पलीकडे उभी केली होती, आणि मला ते आवडलं.

"थँक यू, सर," मी म्हणाले.

टाळ्या. श्रीफळ माझ्या हातात. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि मला माइकपाशी नेलं.

"आता ही पोरगी आपल्या भाषेत बोलणार म्हणं. ऐका नीट!"

आणि मी बोलले. शप्पथ सांगते, मी थांबू शकले असते. पण भाषण पाठ होतं. "माजं नाव योलांदा," मी म्हणाले. 'ड'चा 'द' केला, 'ट'चा 'त' केला. 'ळ' खाल्ला. मागे बाराशे मुलं पोट धरून हसत होती आणि टाळ्या पिटत होती. त्यांना वाटलं हा बसवलेलाच कार्यक्रम आहे. पुढचे शिक्षक ताठ मानेनं समोर बघत होते, राष्ट्रगीत चालू असल्यासारखे. बाबा दुसऱ्या रांगेत रुमालानं चष्मा पुसत होते, आणि तो काही केल्या पुसून होत नव्हता. आईची खुर्ची रिकामी होती. ती कधी उठून गेली मला कळलं नाही.

बुटक्या डोंगरांवर साहेब खदखदून हसले. मग शेवटची दोन वाक्यं आली. ती गाळता आली असती. "माजी बहीण शलाका, हिने मला मराठी शिकवलं," मी म्हणाले, आणि हात लांब करून ताट धरून उभ्या असलेल्या मुलीकडे दाखवलं.

सगळ्या मैदानानं तिच्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. ती ताट घट्ट धरून उभी होती. मी माइकपासून परत आले तेव्हा ती हळूच म्हणाली, "आता मी?"

"नंतर," मी म्हणाले.

पुढे अजून नऊ सत्कार होते. ते सगळे तिनं ताट धरून पार पाडले. तिचाही हात स्थिर होता.

साहेब मात्र अतिशय खूश झाले. अध्यक्षीय भाषणात ते म्हणाले, "असली पोरगी शाळेला मिळाली हे आपलं भाग्य. हिला कुठं जाऊ द्यायची न्हाई. वर्षभर इथंच!" म्हणजे तडजोडीची अट तंतोतंत पूर्ण झाली. योलांडा जिंकली होती. शेवटी ते इंगळे सरांना म्हणाले, "पुढच्या सोमवारी कारखान्यावर घिऊन या हिला. मुंबईचे पाहुणे येणारायत. दाखवू त्यांना."

दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात पहिल्या पानावर माझा फोटो आला. खाली छापलं होतं, 'बोलिव्हियाची योलांडा बोलली अस्खलित मराठी'. मागे, जरासा कापला गेलेला, ताटाचा कोपरा आणि बांगड्या घातलेला एक हात दिसत होता.

दुपारी इंगळे सर घरी आले. या वेळी चहा त्यांना गिळवेना.

"आता सोमवारी कुणाला न्यायची? शलाकाला न्यावी तर कधी ना कधी फुटणार. हिला न्यावी तर साहेब विचारणार, मग ती कोण होती? बाराशे मुलांसमोर साहेबांचं हसं झालं म्हणायचं."

"साहेबांना सांगू, मुलीला पुण्याला बोलावून घेतलं," बाबा म्हणाले.

"आणि योलांडा गावात फिरताना दिसली, कुणी साहेबांच्या कानावर घातलं तर?"

"नाही दिसणार. सर, मी वकील आहे, खोटं बोलणं माझ्या तत्त्वात बसत नाही. पुण्याला पाठवली असं सांगायचं, तर पाठवायलाच पाहिजे. शनिवारी ऑस्ट्रिया येतो का, विचारा."

माझे बाबा फार तत्त्वाचे होते. अजून गावात नाव काढतात.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आदल्या संध्याकाळपासून ती माझ्याशी बोलली नव्हती. आता ती थेट माझ्याकडे बघत म्हणाली, "शलाका, तू जा साहेबांकडे. जाऊन सांग, मी केतकरांची शलाका. काल चुकलं माझं. दोन मिनिटांचं काम आहे. फाशी नाही देणार ते."

"आणि हिचा डेन्मार्कचा फॉर्म?" बाबा म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही. त्यांना कधी चढवावा लागत नसे. "शिफारशीवर संस्थेच्या अध्यक्षांची सही लागते. त्याच तोंडानं सही मागायला जायची का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. योलांडाही, आईच्या मागून. तिला सगळं समजत होतं. ती रडत नव्हती. ती फक्त वाट बघत होती, गच्चीवर एखादा शब्द अडला की माझ्याकडे बघायची तशी.

"माझी सोमवारी फिजिक्सची चाचणी आहे," मी म्हणाले.

आयुष्यात मी बरंच खोटं बोलले आहे. हे खोटं नव्हतं. चाचणी खरंच होती. मला त्यात पंचवीसपैकी तेवीस मिळाले.

शनिवारी सकाळी पुण्याची गाडी दहाची होती. बाबा रिक्षा बघायला गेले होते. योलांडाची बॅग दारात भरून ठेवली होती, तीच, झेंड्याची. मी शाल घेऊन खाली आले. सत्काराची, मोरपंखी, जरीच्या काठाची. ठरवलं होतं तिला द्यायची. काय म्हणून द्यायची ते ठरलं नव्हतं.

स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, म्हणून मी दाराबाहेरच थांबले.

आई पाट्यासमोर बसली होती. वाटेत खायला द्यायची म्हणून चटणी वाटायला घेतली होती, पण हात थांबलेला होता. ओटी भरायचा नारळ आणि तांदूळ बाजूला ताटात तयार होते. योलांडा तिच्यासमोर ताठ उभी होती, प्रवासाच्या कपड्यांत, दोन्ही हात सरळ खाली, गच्चीवर मी शिकवलं होतं तशी. ती भाषण करत होती.

"माझं नाव योलांडा. मी बोलिव्हियाहून आले."

'ड' स्वच्छ आला, पुढे 'ट'ही. 'ळ' असलेल्या शब्दाला ती किंचित थांबली आणि तोही आला. इतकं चांगलं तिनं गच्चीवर एकदाही म्हटलं नव्हतं. बुटक्या डोंगरांपाशी आई हसली आणि पदरानं डोळे टिपले. दगड झाला, मिरची झाली. मला वाटलं होतं मी फार लांब आले. आता तसं वाटत नाही.

मग ती अडली. मला वाटलं, विसरली. मी पुढचा शब्द सांगायला तोंडसुद्धा उघडलं.

"आई," ती म्हणाली, "इथं आता कुणाचं नाव घेऊ?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, टोमणे मला कळतात. तिला खरंच प्रश्न पडला होता. भाषणात बहिणीचं नाव होतं. त्या नावाची मुलगी सगळ्या गावादेखत ती स्वतःच ठरली होती, आणि जिनं ठरवली ती तिच्यासाठी दोन मिनिटंसुद्धा गेली नव्हती.

आईनं मान वर केली. दारातून तिला मी दिसत होते. खांद्यावर टाकलेली शालही दिसत होती. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, मग नजर वळवली.

"माझं घे," ती म्हणाली.

योलांडानं मान डोलावली, हात पुन्हा सरळ केले, आणि तिनं भाषण पहिल्यापासून सुरू केलं.